सरीत की वरंब्यावर?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ३४ वर्षांची, हिंजवडीत आयटीत नोकरी करते. मागच्या महिन्यात ऑफिसच्या इमारतीत एका स्किन क्लिनिकने 'मोफत स्किन ॲनालिसिस' ठेवलं होतं. एका खोक्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं, फ्लॅश मारले आणि स्क्रीनवर माझाच चेहरा दाखवला. गालांवर, कपाळावर नुसते काळे ठिपके! आरशात एवढं काही दिसत नाही. गालांवर थोडे वांग आहेत, तेवढेच. तिथल्या मुलीने सांगितलं की हे आतलं सन डॅमेज आहे, तुमच्या त्वचेचं वय ४६ आहे, आत्ताच लेझर केलं नाही तर पुढे स्किन कॅन्सरही होऊ शकतो. सहा सिटिंगचे ४८ हजार. मी पाच हजार भरून आले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. मेलबर्नला असलेला मावसभाऊ म्हणतो, तिकडे अख्ख्या अंगाचा थ्री-डी फोटो काढतात, तसं काही कर. करावं का?

ता. क. माझे वडील ६३ वर्षांचे, वाळवा तालुक्यात शेती करतात. त्यांच्या टाचेवर वर्षभरापासून एक काळा डाग आहे. आधी तिळाएवढा होता, आता करंगळीच्या नखाएवढा. ते म्हणतात, काटा मोडला होता, त्याचं कुरूप झालंय. कॉर्न कॅप लावतात. मी फोटो काढून एका ॲपमध्ये टाकला, तर हिरव्या अक्षरांत 'लो रिस्क' आलं. तो डागही त्या यंत्रात बघता येईल का?

— एक वाचक, हिंजवडी

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क. वर येऊन थांबले. चेहऱ्याचं सावकाश बोलू, तो कुठे जात नाही. आधी टाच.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या तळव्यावर नव्याने आलेला, वर्षभर टिकलेला आणि वाढत चाललेला काळा डाग डॉक्टरने डोळ्यांनी बघितलाच पाहिजे. या आठवड्यात. तो रक्त साकळल्याचा डाग निघू शकतो, साधा तीळ निघू शकतो, खरंच काट्याभोवती झालेलं कुरूपही असू शकतं. पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण यादीत आणखी एक नाव आहे, मेलॅनोमा, आणि ते यादीतून खोडल्याशिवाय कॉर्न कॅप लावत बसणं बरोबर नाही.

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांमध्ये तो पाठीवर, पायांवर, उन्हात भाजलेल्या जागी येतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो मुळात फार कमी होतो, पण झाला तर बहुतेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखालची जागा धरतो. म्हणजे जिथे ऊन जवळजवळ पोचतच नाही तिथे. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच कॅन्सर सापडला. फुटबॉल खेळताना लागलंय असा आधी सगळ्यांचा समज होता. १९८१ मध्ये तो वारला तेव्हा ३६ वर्षांचा होता. तुमच्या वडिलांचा काटा आणि मार्लीचा फुटबॉल, दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत: पायाला काही ना काही लागलेलं असतंच, त्यामुळे डागाला कारण लगेच सापडतं.

दुर्मिळ आजाराची अडचणच ही, की तो कुणाच्या डोक्यातच येत नाही, रुग्णाच्या नाही आणि डॉक्टरच्याही नाही. माझ्या शिकण्याच्या काळात एक आजोबा टाचेच्या 'कुरपा'साठी तीन महिने आमच्या ओपीडीत येत होते. दर वेळी कुणीतरी ब्लेडने वरचं कातडं तासून द्यायचं. एकदा मीही तासलं. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं खास भिंग, विभागात होता. कपाटात, कुलूप लावून, कारण वस्तू महाग आणि हरवली तर भरपाई कोण देणार. ज्या दिवशी एका सरांनी किल्ली मागवली त्या दिवशी निदान झालं. तेव्हापासून माझा डर्मोस्कोप माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो.

तर वडिलांना लागणारं यंत्र हे आहे. टॉर्च आणि भिंग यांचं लग्न लावलेली, मुठीत मावणारी वस्तू, साधारण दहा पट मोठं दाखवणारी. गंमत मोठं दाखवण्यात नाही. आपली त्वचा चकाकते, आणि त्या चकाकीमुळे खालचं दिसत नाही, जसं उन्हात विहिरीत डोकावलं तर पाण्यावरचं आभाळच दिसतं. डर्मोस्कोप ध्रुवीकृत प्रकाश वापरून, किंवा कातडीवर थेंबभर तेल वा जेल लावून, ती चकाकी मारतो आणि नजर खाली उतरते. मग रंगावरून खोली कळते: अगदी वरच्या थरातलं मेलॅनिन काळं दिसतं, त्याखालचं तपकिरी, आणखी खालचं राखाडी, खोलवरचं निळं. रंगद्रव्य तेच. निळा दिसतो तो प्रकाश विखुरल्यामुळे.

तळव्याची आणखी एक खासियत आहे आणि ती तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा लवकर समजेल. बोटांच्या ठशांसारख्या रेघा तळपायावरही असतात. भिंगाखाली बघितलं तर ते सरी-वरंब्याचं रान असतं. उंच रेघा म्हणजे वरंबे, मधले खाच म्हणजे सऱ्या. घामाची छिद्रं वरंब्यांवर उघडतात. पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, ठिबकच्या नळीला भोकं असावीत तशी. साधा तीळ असेल तर रंग बहुधा सऱ्यांमध्ये साचलेला दिसतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. जपानमध्ये मेलॅनोमा आपल्यासारखाच तळपायावर जास्त येतो, त्यामुळे हा फरक तोशिआकी साईदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच नीट मांडला. त्यांच्या २००४ च्या अभ्यासात तळवे-तळहातांवरच्या मेलॅनोमांपैकी शंभरात ८६ ठिकाणी वरंब्यांवरचा रंग दिसला. साध्या तिळांमध्ये शंभरात जेमतेम एका ठिकाणी.

सरी कुठली आणि वरंबा कुठला हे ओळखणं जाड, भेगाळलेल्या टाचेवर कधीकधी अवघड जातं. त्यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आलं. डागावर शाईचं पेन फिरवायचं आणि पुसून टाकायचं. वरंब्यावरची शाई निघून जाते, सरीतली राहते.

पण आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. ८६ मध्ये दिसला याचा अर्थ १४ मध्ये दिसला नाही. म्हणून साईदांच्याच पद्धतीत पुढची पायरी आहे: साध्या तिळाचा ठरावीक नमुना दिसत नसेल आणि डाग ७ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. करंगळीचं नख त्याच्या पुढेच जातं. उलट बाजूने सांगायचं तर, सावळ्या माणसांच्या तळव्यांवर निसर्गतः फिकट तपकिरी डाग असतात, तेही कधी वरंब्यांवर दिसतात. केसांच्या काळ्या डायचा डागही तिथेच बसतो. म्हणून बघणाऱ्याला आपल्याकडच्या पायांची सवय हवी. साकळलेलं रक्त असेल तर चित्रच वेगळं दिसतं, लालसर काळे खडे सांडल्यासारखं, आणि वरचं कातडं हलकेच खरवडलं की डागासकट निघून येतं. तसं झालं तर दहा मिनिटांत सगळे घरी.

ॲपच्या हिरव्या अक्षरांवर मी फार शाई खर्च करणार नाही. अशी बहुतेक ॲप गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात. त्यांना आपली टाच म्हणजे काय हेच माहीत नसतं, आणि सरी-वरंबा तर फोनच्या साध्या फोटोत दिसतही नाही. फोटोवरून मेलॅनोमा ओळखण्याचे दावे करणाऱ्या दोन ॲपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली होती, कारण दाव्यांना पुरावा नव्हता. फोटो मात्र काढून ठेवा, तो कामाचा आहे: पाय धुऊन, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक जवळून आणि एक अख्ख्या तळव्याचा. तारीख लिहा. वर्षभरापूर्वीचा एखादा फोटो चुकून सापडला तर सोनंच.

बायोप्सी सांगितली तर गावाकडून एक वाक्य हमखास ऐकू येईल: 'सुरी लागली की पसरतो.' नाही पसरत. पसरतो तो न कापता ठेवलेल्या महिन्यांत. भिंगातून काय किंवा करोडोंच्या यंत्रातून काय, चित्रावरून फक्त शंका ठरते आणि कुठून कापायचं ते कळतं. मेलॅनोमा आहे असं लिहून देतो तो पॅथॉलॉजिस्ट, काचपट्टीवर पेशी बघून. त्याच रिपोर्टमध्ये 'ब्रेस्लो' नावाची एक जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, म्हणजे गाठ कातडीत किती खोल उतरली आहे ते. पुढचं बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. रोग वरच्या थरातच असेल तर कापून काढला की बहुधा तेवढ्यावर भागतं. तशी वेळ आलीच तर स्लाइड घेऊन परळला टाटा मेमोरियलला दाखवा, पण तिथे धावण्याआधी सांगली-मिरजेतला त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मिरज डॉक्टरांचंच गाव आहे, पुण्यापर्यंत यायची गरज नाही. अपॉइंटमेंट घेताना फोनवर एकच विचारा: "डर्मोस्कोप आहे का?" 'आहे, पण…' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

आता मेलबर्नच्या भावाकडे येऊ. तो खोटं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तीनपैकी दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर निघतो असं तिथे सांगितलं जातं. गोरी कातडी आणि कडक ऊन यांची ती किंमत. अशा देशात, अंगावर शंभर-शंभर तीळ असलेल्या माणसासाठी, ९२ कॅमेऱ्यांच्या मखरात उभं करून एका क्षणात अख्ख्या शरीराचा थ्री-डी फोटो घेणं शहाणपणाचं आहे. सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायचा आणि नवा कोण आला, वाढला कोण, ते ताडून बघायचं. शंभरांच्या गर्दीत बदललेला एक शोधायला ते यंत्र आहे. तुमच्या वडिलांचा बदललेला एक आधीच सापडलाय. तुम्हीच शोधलात, फुकट.

याहून भारी एक यंत्र आहे, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोप. एक निरुपद्रवी लेझर कातडीवरून फिरतो आणि न कापता, न टोचता, जिवंत पेशी एकेक करून दिसतात, काळ्या-पांढऱ्या चित्रात. बॉस्टनमध्ये मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जिवंत माणसाच्या त्वचेत हे करून दाखवलं. (आडनाव वाचून तुमचेही कान टवकारले ना?) पेशी उठून दिसाव्यात म्हणून प्रयोगशाळेत रंग लावावा लागतो, त्यांना आढळलं की त्वचेत मेलॅनिन स्वतःच झळाळतं. आपण ज्या सावळेपणाला क्रीम चोपडत असतो तो या यंत्राचा दिवा आहे. चेहऱ्यावरचा संशयास्पद डाग, जिथे कापलं की वण राहणार, तिथे हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं; डागाची खरी कड कुठे संपते तेही दाखवतं. पण त्याची नजर सुमारे पाव मिलिमीटर खाली पोचते, आणि शेतकऱ्याच्या टाचेचं वरचं मेलेलं कातडंच त्याहून जाड असतं. तिथे दीड-दोन दशकं अनवाणी चाललेला पाय जिंकतो. डोळ्यांच्या दवाखान्यात पडदा बघायला ओसीटी वापरतात, तिचीही त्वचेसाठीची भावंडं आहेत. ती एक-दीड मिलिमीटर खाली जातात, पण पेशी तितक्या स्वच्छ दाखवत नाहीत. गोऱ्या लोकांत नेहमी होणाऱ्या बेसल सेल कॅन्सरसाठी ती चांगली. तुमच्या कामाची यातली एकही नाही, म्हणून पुढे सरकते.

तुमचा चेहरा. त्या खोक्यात तुमचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातला फोटो काढला. ही युक्ती जुनी आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचा दिवा आम्ही त्वचेचे डॉक्टर शंभरेक वर्षं वापरतोय. वरच्या थरातलं मेलॅनिन हा प्रकाश गिळतं, म्हणून जिथे ते थोडं जास्त आहे ती जागा काळी ठिक्कर दिसते. आरशात न दिसणारे ठिपके उमटले यात फसवणूक काही नाही. ते ठिपके कशाचे, हे मात्र त्या फोटोत लिहिलेलं नसतं. ऊन असेल, मुरुमांचे जुने डाग असतील, बाळंतपणानंतरचे किंवा गोळ्यांमुळे आलेले वांग असतील. आणि एक गोष्ट तुम्हाला त्या मुलीने विचारली होती का: सकाळी सनस्क्रीन लावलं होतं? सनस्क्रीनही अल्ट्राव्हायोलेट गिळतं, तेच त्याचं काम. न धुतलेल्या चेहऱ्यावर ते या फोटोत काळंच दिसतं. उन्हापासून वाचायला लावलेली वस्तू उन्हाचं नुकसान म्हणून तुम्हाला विकली गेली असण्याची शक्यता आहे.

'त्वचेचं वय ४६' हा आकडा यंत्र आपल्या साठ्यातल्या चेहऱ्यांशी तुलना करून काढतं. तो साठा कुणाचा, कुठल्या रंगाचा, ते विचारा. उत्तर येणार नाही. वांगांतून कॅन्सर होत नाही. ४८ हजारांसाठी कॅन्सर हा शब्द उच्चारणाऱ्या ठिकाणाला मी माझा चेहरा देणार नाही. तुम्ही भरलेले पाच हजार लेखी मागा, आणि नाहीच मिळाले तर तेवढ्यावर सुटलात समजा. आपल्या कातडीवर वांगांसाठी घाईने लेझर केलं की कधीकधी आधीपेक्षा गडद डाग उरतात. वांगांना उन्हाइतकाच डोळ्यांना दिसणारा उजेडही काळवंडवतो, म्हणून पांढऱ्या सनस्क्रीनऐवजी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या आणि हात आखडता न ठेवता लावा. मेडिकलमधून स्टेरॉइड घातलेली गोरं करणारी क्रीम आणत असाल तर ती बंद. पण वर्षानुवर्षं लावत असाल तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. तो अल्ट्राव्हायोलेट फोटो मात्र फेकू नका. चेहरा धुऊन, त्याच यंत्रात, त्याच अंतरावरून सहा महिन्यांनी पुन्हा काढला, तर उपचारांनी फरक पडतोय का ते त्यावरून कळतं. तेवढ्याच कामाचा तो आहे.

उन्हात राबणाऱ्या घरात त्वचेचा कॅन्सर कुठे शोधायचा, याचं उत्तर मुंबईत फार पूर्वी दिलं गेलंय. टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये 'धोतर कॅन्सर' नोंदवला: धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी काचून तिथे झालेला. पुढे परकराच्या नाडीखालीही तसाच सापडला. आईच्या कमरेवर नाडीच्या जागी कातडं जाड, खवलेदार झालंय का, न भरणारी चीर आहे का, तेवढं एकदा बघा. भाजल्याच्या जुन्या वणावर उठलेली जखमही तशीच. महिन्याभरात भरली नाही की दाखवायची.

राहिले वडील. मोबाइलवर 'मेलॅनोमा' वाचून दाखवू नका, घाबरतील किंवा हसतील, आणि दोन्हीत दिवस जातील. त्यांना सरी-वरंब्याचं सांगा. "अण्णा, डॉक्टर भिंगातून बघून सांगणार, काळं सरीत आहे का वरंब्यावर." ऊसतोड चालू आहे म्हणतील, तोड चार तास त्यांच्याशिवाय होते. (अण्णा म्हणता की दादा की बाबा, तुम्हाला ठाऊक.) सोबत तुम्ही जा, कारण एकटे गेले तर 'काही नाही म्हणाले' एवढंच उत्तर फोनवर मिळेल. तिथे गेल्यावर दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि वीसही नखं बघायला सांगा. एखाद्या नखात रुंद होत गेलेली काळी रेघ असेल आणि तो काळेपणा नखाबाहेर कातडीवर आला असेल तर ते आवर्जून दाखवा.

आणि आज रात्रीच फोन करून कॉर्न कॅप काढायला लावा. ब्लेडही नको, चुनाही नको. कॅपमधल्या ॲसिडने कातडं पांढरं, मऊ पडतं आणि त्याखाली सरीही दिसत नाही, वरंबाही.